व्हाळापलीकडची वाडी

इथवर चढून आलात, तर जरा टेका या जोत्यावर. गवतात बुडालेले हे जे चौथरे दिसतात ना, ती सगळी घरांची जोती आहेत. जमीन बघा कशी सपाट आहे. विहिरीचं पाणी गोड, देवळाची सावली अंगणापर्यंत येणारी. आणि वाडी कुठे आहे? तर ती समोर, व्हाळाच्या पलीकडे, त्या कातळावर. व्हाळ म्हणजे तुमच्याकडचा ओढा. तिकडे मूठभर माती नाही, नारळ लावायचा तर खड्डा सुरुंगाने करावा लागतो. येणारा प्रत्येक शहाणा माणूस मला विचारतो, की ही सोन्यासारखी जागा सोडून लोक खडकावर का जाऊन बसले? मागे एक साहेब म्हणाले, पटकी आली असेल. दुसरे म्हणाले, पूर आला असेल. पटकीही नाही आणि पूरही नाही. पांगारवाडी इथून उठली ती एका खेळण्यापायी. माझी आजी सांगायची तसं सांगतो. वळणावरचा चहावाला तुम्हाला वेगळं सांगेल, पण त्याची आजी या वाडीची नव्हे.

फार पूर्वी, घाटातून बैलगाड्या बंदरावर उतरत त्या काळी, इथे खेळण्यांचा कारखाना होता म्हणे. कारखाना म्हणजे एक लांबलचक मांगर, वर माडाच्या झावळांचं छप्पर, आणि खाली सगळी वाडी कामाला. पांगाऱ्याचं हलकं लाकूड तासायचं, कांतायचं, निखाऱ्यावर लाख तापवून त्यावर रंग चढवायचा. भोवरे होत, खुळखुळे होत, भातुकली होई. पण नाव होतं ते चालत्या नंदीचं. उतरत्या फळीवर ठेवला की किल्ली नाही, दोरी नाही, आपला आपण मान डोलावत टुकूटुकू खाली चालत यायचा. त्याच्या पायांचं माप तांदळाच्या दाण्याएवढं चुकलं तरी तो फळीवर लोळण घेई. आणि गंमत अशी, की हे माप कोणाच्याही डोक्यात नव्हतं. मूळ नंदी म्हणून एक जुना नंदी मांगराच्या आढ्याला टांगलेला असे. दसऱ्याला त्याची पूजा व्हायची, आणि नवा नंदी करायचा तर दोऱ्याने त्याच्यावरून माप घ्यायचं. बापाने तसं घेतलं, म्हणून मुलानेही तसंच घेतलं.

कारखान्याचा एक नेम होता. खेळणं कारागिराच्या घरात शिरता कामा नये. जे चांगलं झालं ते बंदरावर जाईल, जे फसलं ते लाखेच्या चुलीत जाईल, पण घरात यायचं नाही. का, ते कोणी धड सांगत नाही. कोणी म्हणतं, घरच्या पोरांना हौस लागली तर विकायला काय उरणार. कोणी म्हणतं, सातेरीदेवीची आण होती. एवढं मात्र खरं, की ज्या वाडीच्या खेळण्यांनी गोव्यापासून कोल्हापूरपर्यंतची पोरं खेळत, त्या वाडीची पोरं करवंट्या आणि गोटे घेऊन बसत.

कारखान्याचा मुख्य होता सोमा मेस्त्री. उंच, कमी बोलणारा, आणि नेमाला असा पक्का की सावलीसुद्धा ओळंब्यात पडावी. त्याचा मुलगा धोंडू मुका नव्हता, पण बापासमोर मुकाच. धोंडूची बायको द्वारकी मांगरात लाखेचं काम करायची. या द्वारकीची ही गोष्ट.

द्वारकीला एक मुलगी होती, आवडू नावाची. गोष्ट सांगणारे आता तिला लंगडी करतात, आजारी करतात, म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. माझी आजी म्हणायची, पोर चांगली धडधाकट होती, फक्त तिला नंदी हवा होता आणि त्यासाठी ती रडत होती. पोराच्या रडण्याला याहून मोठं कारण लागत नाही. एक दिवस कान वाकडा झालेला एक नंदी जाळायला म्हणून चुलीत टाकला गेला. द्वारकीने इकडेतिकडे बघितलं, निखाऱ्यावरून तो उचलला आणि ओच्यात घालून घरी नेला. पाठीला जरा धग लागली होती, एवढंच.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी कारखाना जळाला.

वैशाखातली दुपार होती असं सांगतात. माणसं जेवायला घरी आली होती. चुलीत राखेखाली निखारा राहिला असेल, वारा सुटला असेल, कांतलेल्या लाकडाच्या सालपटांचा ढीग शेजारीच. आगीला याहून जास्त निमंत्रण लागत नाही. धूर दिसला तोवर छप्पर पेटलं होतं. लाख वितळून जळत खाली ठिबकत होती, तिच्यामुळे जमीनही जळत होती. बायका कळशा घेऊन धावल्या, पण वैशाखातली विहीर, दोर संपला तरी पोहरा कोरडाच वर येई. सोमा मेस्त्री ओला गोणपाट डोक्यावर घेऊन आत शिरला. लोकांना वाटलं, गेला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हाताची कातडी सोलवटली होती आणि मुठीत मूळ नंदीची नुसती दोरी होती.

माणूस कोणी मेलं नाही, ही देवीची कृपा. पण अवजारं गेली, लाकूड गेलं, रंगवून ठेवलेला सगळा माल गेला. द्वारकी अंगणात उभी राहून बघत होती. तिच्या मनात एकच गोष्ट आली, की मी आगीच्या तोंडातला घास काढून घेतला, म्हणून आगीने सगळंच खाल्लं.

मग वाडी देवळात जमली. आमच्याकडे कौल लावतात. गुरव देवीच्या अंगाला पाकळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतो, आणि कोणत्या बाजूची पाकळी पडते त्यावरून देवी हो म्हणाली की नाही ते कळतं. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा सातेरी माते, तुज्या लेकरांचा काय चुकला माकला असात तर सांग गे बाय!" आणि सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" विचारलं, कारखान्याचा नेम मोडला काय? उजवी पाकळी पडली. मोडला.

 मग न्हानू मेस्त्री उठला. हा सोमाचा चुलतभाऊ, आवाज मोठा. "कोणीतरी नेम मोडल्यान! त्येचा पाप आमी सगळ्यांनी कित्याक फेडूचा?" असं म्हणून त्याने देवळाच्या खांबावर मूठ आपटली. तेव्हा सोमाने फडकं बांधलेला हात देवीसमोर धरला आणि शपथ घेतली. "जेच्या घरात खेळणा गावात, तेचा घर व्हाळापलीकडे. मगे तो कोण का असाना." गावणं म्हणजे सापडणं.

व्हाळापलीकडे म्हणजे तेव्हा काय होतं, तर कातळ, करवंदीची जाळी आणि बिबट्याचा माग. तिकडे घर म्हणजे वाळीतच टाकल्यासारखं. द्वारकीने शेजारी बसलेल्या आवडूच्या तोंडावर हळूच हात ठेवला.

घरी येऊन तिने नंदी भाताच्या कणगीत तळाशी पुरला. पोरीला समजावलं, दम दिला, शेवटी खोटं सांगितलं की नंदी चरायला गेला. पण पोराची जीभ कोण बांधणार? सगळे जेवायला बसले की आवडू मध्येच विचारी, "आये, माजो नंदी खंय गेलो?" आणि द्वारकीच्या हातातली पळी थांबे. "कारखान्यातलो जळालो गो, बाय," असं म्हणून ती आमटी वाढायला लागे. सोमा मान खाली घालून जेवत असे. त्याला वाटे, पोर सगळ्यांसारखीच जळलेल्या नंदीसाठी हळहळते आहे. त्याला नातीचं कौतुक वाटे, आणि ते कौतुक बघून द्वारकी चुलीकडे तोंड फिरवी.

पावसाळा लागला. देवळाच्या ओवरीत लोकांनी पुन्हा काम मांडलं. भोवरे जमले, खुळखुळे जमले, पण बंदरावरच्या शेटने निरोप धाडला, की मला नंदी हवा. दसऱ्याला येतो. नंदी चालला तर पूर्वीसारखा व्यवहार, नाहीतर मी दुसरीकडे बघतो. भोवरे काय, कुठेही मिळतात.

सोमा नंदी करायला बसला. एक केला, तो फळीवर ठेवताच तोंडावर पडला. दुसऱ्याचे पाय आखूड केले, तो मागे बसला. तिसरा दोन पावलं चालला आणि कुशीवर निजला. धोंडूला घाटावर पाठवलं, की विकला गेलेला एखादा नंदी मिळतो का बघ. तो चिंब भिजून चार गावं फिरला आणि नंदी घेऊन आला खरा, पण पोरांनी खेळून खेळून त्याचे पाय झिजवले होते. त्याच्यावरून माप घेतलं तर नवा नंदी जागचा हलेना. आपण केलेलं एकही खेळणं आपल्या वाडीत नाही, याचं सोमाला तोवर कधी काही वाटलं नव्हतं. आता तो ओवरीत बसून कुठेतरी शून्यात बघत राही.

एक दिवस घरात कोणी नाही असं बघून द्वारकीने कणगीतून नंदी काढला. पाटाखाली वरवंटा घालून उतार केला आणि त्यावर ठेवला. नंदी मान डोलावत शेवटपर्यंत चालत गेला. द्वारकीने तो उचलून घेतला. तोवर तिला एकच भीती होती, की हा सापडला तर? आता दुसरी आली, की हा कधीच सापडला नाही तर? वाडी जगायची तर नंदी बाहेर काढायला हवा, आणि नंदी बाहेर काढला तर आग लावणारी म्हणून सगळी वाडी तिच्याकडे बोट दाखवणार. सासऱ्याचं घर मोडणार, तेही सासऱ्याच्याच शपथेने. तिने नंदी चुलीपाशी नेला. जाळून टाकला असता तर पहिली भीती तरी संपली असती. पण ज्याला एकदा निखाऱ्यावरून उचललं त्याला परत टाकायला तिचा हात होईना. तिने तो पुन्हा कणगीत घातला.

पण कणगीतलं भात रोज खाली जात होतं. आषाढात नंदीवर कोपरभर भात होतं, श्रावणात वीतभर राहिलं. धोंडूने कधी भात काढायला हात घातला की द्वारकी धावत जाई, "तुमी ऱ्हवा, मी काढतंय." शेजारणी म्हणू लागल्या, द्वारकी नवऱ्याला भाताला हात लावू देत नाही, म्हणजे घरात एवढी ददात आली. वाडीत तेव्हा कोणाच्याच चेहऱ्यावर रंग नव्हता. बायका एकमेकींच्या घरी जायच्या बंद झाल्या होत्या. दारं दिवसाही लोटलेली असत. द्वारकीला वाटे, सगळ्यांना माझ्यावरच संशय आहे.

नवरात्र आलं. खंडेनवमीला कारागीर अवजारांची पूजा करतात. वाडीने उरलीसुरली अवजारं देवळासमोर मांडली, फुलं वाहिली. मग सोमाने फळी लावली आणि त्याने केलेला शेवटचा नंदी तिच्यावर ठेवला.  नंदी तीन पावलं चालला. चौथ्याला त्याचा पाय अडला आणि तो फळीवरून खाली मातीत पडला.

सोमाने तो उचलला नाही. "झाला," तो म्हणाला. "आता घाट चढूक व्हयो. दुसऱ्याच्या दारात मजुरी करूया." त्याने पूजेतली पटाशी उचलून तिच्यावरचं फूल झटकलं आणि ती फडक्यात गुंडाळायला घेतली. 

द्वारकी उठली आणि घरी गेली. परत आली तेव्हा कमरेवर आवडू होती, आणि कोपरापर्यंत हाताला भाताचा कोंडा लागलेला होता. तिने कोणाकडे बघितलं नाही. फळीपाशी वाकून तिने वाकड्या कानाचा नंदी ठेवला आणि हात काढून घेतला. नंदी टुकूटुकू चालत फळीच्या टोकापर्यंत आला आणि मान हलवत उभा राहिला. "माजो नंदी!" आवडू ओरडली. 

सोमाने विचारलं, "ह्यो खंयसून हाडलंस?"

"घरातसून."

"कोणाच्या घरातसून?"

"आपल्या," द्वारकी म्हणाली.

सोमाने वाकड्या कानाचा नंदी हातात घेतला. मग तो खाली बसला, दोरा काढला आणि नंदीचं माप घ्यायला लागला. पाय, पोट, मान, कान, प्रत्येक मापाला एकेक गाठ मारली. गाठी नीट बसल्या. आधी माप, मग शपथ. ते झाल्यावर तो उठून घरी गेला, शिडी लावून छपरावर चढला आणि स्वतःच्या घराचा पहिला नळा, छपराचं कौल, काढला. खाली धोंडू आला आणि नळा घ्यायला त्याने हात वर केले. बापलेक संध्याकाळपर्यंत घर उतरवत होते.

दिवस मावळताना ती चार माणसं व्हाळ ओलांडून गेली. पलीकडे एका काजूच्या झाडाला त्यांनी आडोशाला चटया बांधल्या. द्वारकीने वाटभर वाट बघितली, की सासरा आता बोलेल, मग बोलेल. माहेरी जा म्हणेल, तोंड दाखवू नको म्हणेल. तिने तीन दगडांची चूल मांडली, भाताला आधण ठेवलं, तरी तो गप्प. शेवटी तो तिच्याकडे वळला. "फळी हाडलंस मां?" त्याने विचारलं. तिने आणली नव्हती. धोंडू परत जाऊन घेऊन आला. तेव्हा कुठे द्वारकीला रडू फुटलं, आणि ती पोटभर रडली.

सकाळी, दसऱ्याच्या दिवशी, सोमा नव्या मापाचा नंदी तासत बसला होता, तेव्हा व्हाळातून कोणीतरी येताना दिसलं. न्हानूची बायको होती. पदराखाली काहीतरी लपवलेलं. तिने ते सोमासमोर ठेवलं. रंग उडालेली, दोन बैल जुंपलेली, अख्खी गाडी. मागोमाग न्हानू आला, तोंड एवढंसं झालेलं. त्याच्यामागे गुरवाची सून खुळखुळा घेऊन आली. मग भोवरे आले, भातुकलीतलं जातं आलं, एका म्हाताऱ्याने बंडीच्या खिशातून इवलंसं लाटणं काढलं. कोणाचं पोर रडलं होतं, कोणाचं पोर गेल्यावर त्याची आठवण म्हणून ठेवलं होतं, कोणाला नुसताच मोह झाला होता. आणि प्रत्येक घर सबंध पावसाळा दार लोटून बसलं होतं, की आग आपल्यामुळेच लागली. देवी खोटं बोलली नव्हती. नेम मोडला का, एवढंच तिला विचारलं होतं. किती घरांनी, ते कोणी विचारलंच नाही.

आता शपथ ती शपथ. दिवाळीपर्यंत घरामागून घर उतरलं आणि पलीकडे उभं राहिलं. वाळीत टाकायला वाडीच उरली नाही. बंदरावरचे शेट त्याच दसऱ्याला आले, त्यांना व्हाळ ओलांडून जावं लागलं, त्यांच्या धोतराची किनार भिजली आणि ते चिडले. मग नंदी चालताना बघून त्यांचा राग गेला. नवा मांगर व्हाळाला लागूनच बांधला, पाणी हाताशी असावं म्हणून, आणि चूल मांगराबाहेर घातली. माप वाकड्या कानाच्या नंदीवरून घेतलेलं, त्यामुळे पुढे झालेल्या प्रत्येक नंदीचा डावा कान वाकडाच झाला. गिऱ्हाईक म्हणू लागलं, वाकडा कान म्हणजे पांगारवाडीचा अस्सल माल. धंदा पूर्वीपेक्षा वाढला, असं सांगतात. नेमही बदलला. आता खेळणं आधी वाडीतल्या पोरांनी खेळायचं, मग बंदरावर जायचं.

पण एक घर अलीकडेच राहिलं. तुम्ही बसला आहात ना, हेच ते जोतं. इथे बायजा नावाची म्हातारी राहायची. पोरबाळ नाही, नवरा तरुणपणीच गेलेला. पहिले काही दिवस तिचा ताठा बघण्यासारखा होता. "माज्या घरात कायएक गावूचा नाय!" असं ती दारात उभी राहून सांगे. खरंच होतं ते. तिच्याकडे लपवून ठेवण्यासारखं काही नव्हतं, कारण ज्याच्यासाठी लपवावं असंच कोणी नव्हतं. तिने नेम पाळला होता, म्हणून शपथेप्रमाणे तिला इथेच राहायचं होतं. घरं एकेक करून गेली. विहिरीवर भेटणारं कोणी राहिलं नाही. संध्याकाळी पलीकडे दिवे लागत, पोरांचा कालवा ऐकू येई, आणि अलीकडे तिचा एकटीचा दिवा. मग ती दारात उभी राहायची बंद झाली.

एका सकाळी द्वारकी व्हाळ ओलांडून आली. म्हातारी ओट्यावर बसली होती. द्वारकीने तिच्या ओटीत एक नंदी घातला, नवा, लाखेने चकचकणारा.

"धर गो काकी," ती म्हणाली. "आता तुज्याय घरात खेळणा गावला."

म्हातारीने नंदी उलटापालटा करून बघितला. त्याच्या वाकड्या कानावरून बोट फिरवलं. मग तिने द्वारकीकडे मान वर करून बघितलं आणि म्हणाली, "इतको येळ खंय होतंस गो?"

तिचं घर उतरवायला सगळी वाडी आली म्हणतात. म्हातारी स्वतः व्हाळातून चालत गेली, नंदी छातीशी धरून, कोणाला हात न देता.

आता व्हाळावर साकव आहे, लाकडी पूल, तो समोर दिसतो. आजही वाडीत नवी सून आली, बदलीवर मास्तरीण आली, की तिला साकवाच्या अलीकडे थांबवतात, तिच्या हातात खेळणं देतात आणि मगच पलीकडे नेतात. पाहुण्यालाही तेच. बिनचुकीच्या माणसाला आम्ही पलीकडे नेत नाही. ते तिथे एकटं पडतं. तेव्हा हा नंदी घ्या, नीट धरा, आणि चला. द्यायचा नाही परत, घरी न्या.